लोकवर्गणीचे खेळ आणि वचनलोपाचे वाङ्मय

ज्या लेखनाला कोणी लेखन म्हणून वाचत नाही, अशा लेखनाचा एक प्रकार गेल्या पंधरा वर्षांत बराच फोफावला आहे. व्हिडिओ गेम रचणारी एखादी मंडळी लोकांपुढे आवाहन ठेवते. आम्ही अमुक खेळ करू इच्छितो, त्यास इतके द्रव्य लागेल, ते तुम्ही आगाऊ द्यावे व खेळ सिद्ध झाला म्हणजे त्याची प्रत घ्यावी, असे त्या आवाहनाचे स्वरूप असते. हजारो लोक द्रव्य देतात. पुढे दोन, तीन, कधी चार वर्षे जातात. मग एके दिवशी दुसरे पत्र येते. आवाहनात जे अंग मोठ्या अक्षरांत सांगितले होते, ते आता खेळात असणार नाही, असे त्यात पुष्कळ सौजन्याने कळविलेले असते. पहिले पत्र वचनाचे आणि दुसरे वचनलोपाचे. ह्या दोन पत्रांमधील नात्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या व्यवसायातील जाणकार दुसऱ्या पत्राला ‘अपेक्षांचे व्यवस्थापन’ ह्या सदरात घालतात. ते कधी लिहावे, त्यातील सूर कसा असावा, त्यात आधी काय सांगावे आणि मागून काय, ह्याविषयी त्यांच्यात बरीच चर्चा चालते. परंतु ह्या शब्दप्रयोगातच एक लबाडी दडलेली आहे, असे मला वाटते. अपेक्षा जणू पावसाप्रमाणे वर्गणीदारांच्या मनात आपोआप पडतात, आणि निर्मात्याने केवळ त्यांना बांध घालावयाचा असतो, असे त्यातून सूचित होते. वस्तुतः ह्या अपेक्षा निर्मात्यानेच शब्दांनी उत्पन्न केलेल्या असतात. त्यांतील प्रत्येक अपेक्षेला आवाहनातील एखादे वाक्य जबाबदार असते आणि बहुधा ते वाक्य बोट ठेवून दाखविता येते. म्हणून दुसऱ्या पत्राची परीक्षा पहिल्यापासून सुटी करून होऊ शकत नाही. समीक्षेने ह्या क्षेत्रात शिरावयाचे ते येथूनच.

प्रथम शब्दाविषयी थोडे. ‘लोकवर्गणी’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे आणि ह्या व्यवहाराला तो चांगला लागू पडतो. त्याची अडचणही त्याच्या व्याप्तीतच आहे. उत्सवाची वर्गणी देणारा मनुष्य मंडपात किती दिवे लागतील ह्याचा करार करीत नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत एखाद्या ग्रंथमालेचे पैसे भरणारा वाचक मात्र खंडांची संख्या ध्यानात ठेवतो, आणि सहा खंडांऐवजी पाच हाती पडले तर प्रकाशकाच्या दारात उभा राहतो. दोघेही वर्गणीदारच, परंतु एकाने दान केले आहे, दुसऱ्याने खरेदी. १९७६ च्या ‘मंथन’ ह्या चित्रपटाला गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. त्या शेतकऱ्यांना पटकथेतील कोणताही प्रसंग कबूल केलेला नव्हता, आणि म्हणून एखादा प्रसंग गळाल्याची तक्रार उद्भवण्याचा प्रश्नच नव्हता. ह्याउलट डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्याने १७५६ साली शेक्सपियरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी वर्गणीदार मिळविले, पुढील वर्षाच्या अखेरीस ग्रंथ देण्याचे मान्य केले, आणि ग्रंथ बाहेर पडला तो १७६५ साली. मधल्या काळात, १७६२ मध्ये, चार्ल्स चर्चिल ह्या कवीने पैसे घेऊन ग्रंथ न देणारा म्हणून त्याची पद्यातून टिंगल केली. वर्गणीदारांची यादी जॉन्सनने छापलीच नाही; नावे हरवली आणि पैसेही संपले, असे त्याचे त्यावर मिस्कील उत्तर असल्याचे बॉझवेल नमूद करतो. आज हे उत्तर कोणा निर्मात्याने दिले तर काय होईल ह्याची कल्पना करावी. तथापि जॉन्सनचा ग्रंथ आला तेव्हा तो उणा नव्हता, केवळ उशिरा आला होता. विलंब आणि अंगभंग ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत वर्गणीदार व निर्माते दोघेही करतात.

किकस्टार्टर ह्या अमेरिकन संस्थेने २००९ साली हा व्यवहार सर्वांस खुला केला. देणगी, खरेदी आणि गुंतवणूक ह्या तिहींच्या सीमेवर तिने आपले दुकान मांडले आणि २०१२ च्या सप्टेंबरात ‘आमचे हे दुकान नव्हे’ असे जाहीरही केले. त्याच वेळी प्रत्येक आवाहनात धोके व अडचणी सांगणारा स्वतंत्र मजकूर असावा असा नियम तिने घातला. पुढे २०१४ मध्ये, काम पूर्ण न करू शकणाऱ्याने काय घडले ते सांगावे, पैसा कसा खर्च झाला ते दाखवावे व उरलेला पैसा परत करावा, अशा अर्थाच्या अटी तिने स्पष्ट केल्या. ह्या अटी सबंध खेळ बुडाल्यास काय करावे हे सांगतात. खेळ बाहेर पडला परंतु त्यातील एक अंग नाही, अशा प्रसंगी त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ह्याच पोकळीत वचनलोपाचे वाङ्मय जन्मास आले.

आपल्या शास्त्रकारांनी वाक्यार्थाच्या सिद्धीसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. एक पद दुसऱ्याची अपेक्षा निर्माण करते, ही आकांक्षा. जोडलेल्या पदांचा अर्थ परस्परांशी बाधित होत नाही, ही योग्यता. अग्नीने शिंपतो, हे तिच्या अभावाचे प्रसिद्ध उदाहरण. आणि पदे एकमेकांच्या निकट उच्चारली जावीत, ही सन्निधी. प्रहर-प्रहराच्या अंतराने उच्चारलेल्या पदांतून वाक्य उभे राहत नाही. हा विचार वाक्यापुरता आहे, व्यवहारातील वचनासाठी तो सांगितलेला नाही, हे मी जाणतो. तरीही लोकवर्गणीचे आवाहन हे पहिले पद आणि हाती आलेला खेळ हे दुसरे पद मानले, तर मधल्या तीन-चार वर्षांत जे बिघडते ते नेमके कोठे बिघडते, हे पाहण्यास ही परिभाषा उपयोगी पडते. प्रचलित चर्चा सर्व दोष आकांक्षेच्या माथी मारते: लोकांनी फार अपेक्षा केली. माझ्या मते दोष पुष्कळदा योग्यतेचा असतो, आणि त्याहून अधिक वेळा सन्निधीचा.

‘एलिट: डेंजरस’चे उदाहरण ह्या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. मूळ ‘एलिट’ हा खेळ डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल ह्यांनी १९८४ साली रचला. अंतराळातून व्यापार करीत हिंडणाऱ्या एकाकी नाविकाचा तो खेळ होता, आणि त्यावर वाढलेली एक सबंध पिढी इंग्लंडात होती. ब्रेबेनच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स ह्या कंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये नव्या खेळासाठी साडेबारा लाख पौंडांचे आवाहन केले. जानेवारी २०१३ च्या प्रारंभी मोहीम संपली तेव्हा २५,६८१ वर्गणीदारांकडून १५,७८,३१६ पौंड जमले होते. मोहीम चालू असताना अनेकांनी एक प्रश्न विचारला: इंटरनेटच्या जोडणीवाचून हा खेळ एकट्याने खेळता येईल काय? आवाहनाच्या मूळ मजकुरात ह्याचे उत्तर नव्हते. कंपनीने प्रश्नोत्तरांत भर घालून सांगितले की, होय, कंपनीच्या यंत्रणेशी न जोडताही एकट्याला खेळता येईल. मात्र सतत बदलत्या आकाशगंगेची वैशिष्ट्ये त्यात मिळणार नाहीत.

हे उत्तर नीट वाचावे. ते एका अंगाचे वचन देते, आणि त्या अंगाचे उणेपणही त्याच श्वासात सांगते. ज्याने ह्या उत्तरावर विसंबून पैसे दिले, त्याने उणेपण जाणून, पत्करून दिले. अशा मनुष्याला भाबडा म्हणता येत नाही. जोडणी नसलेल्या गावी राहणारा, नौकेवर वा तळावर नोकरी करणारा, किंवा कंपनीची यंत्रणा उद्या बंद झाली तरी आपला खेळ आपल्याजवळ राहावा असे मानणारा असा कोणी तो असेल. त्याच्या दृष्टीने हे अंग खेळाचे भूषण नसून खेळ मिळण्याची अटच होती.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी, खेळाच्या प्रकाशनास जेमतेम महिना उरला असता, कंपनीच्या वार्तापत्रात हे अंग वगळल्याचे कळविण्यात आले. कारण असे दिले होते की, जोडणीविना मिळणारा अनुभव फार मर्यादित व अचल होईल, बदलत्या आकाशगंगेचा जो जिवंत अनुभव आम्ही देऊ पाहतो त्याच्या तुलनेने तो अस्वीकार्य ठरेल. शैलीच्या दृष्टीने हे पत्र सभ्य आहे. ते खोटेही नाही. खेळातील व्यापार, घटना, कथा ह्यांचा मोठा भाग कंपनीच्या यंत्रणेवर चालतो, हे खेळ पाहणाऱ्यास पटते. तरी ह्या पत्रात एक तर्कदोष आहे आणि तोच त्याच्या अपयशाचे मूळ होय. जे उणेपण २०१२ च्या उत्तरात अट म्हणून मान्य केले होते, तेच २०१४ मध्ये नकाराचे कारण म्हणून पुढे येते. ताकावर समाधान मानणाऱ्याला, ‘ताक दुधाच्या योग्यतेचे नव्हे म्हणून आम्ही तुम्हांस ते देत नाही’, असे सांगण्यासारखे हे झाले. वर्गणीदाराचा अधिकार हिरावून घेताना त्याच्या अभिरुचीचा कैवार घेतल्याचा आव पत्रात आहे. लोक संतापले ते अंग गेल्यामुळे, हे खरेच. पण ज्या वाक्यरचनेने ते गेले त्या वाक्यरचनेमुळेही ते संतापले असले पाहिजेत.

आता सन्निधीचा प्रश्न. हे अंग शक्य नाही अशी शंका कंपनीला कधी आली असेल? चारशे अब्ज तारामंडळांची आकाशगंगा दूरस्थ यंत्रणेच्या आधारे चालवावयाची, हा निर्णय प्रकाशनाच्या आदल्या महिन्यात होत नसतो. दोन वर्षे वचन आणि त्याचा लोप ह्यांच्यामध्ये मौन होते, आणि त्या मौनाच्या काळात चाचणीच्या आवृत्त्या विकल्या जात होत्या. परिणाम असा झाला की, परताव्याचा प्रश्न आला तेव्हा, ज्यांनी चाचणीची आवृत्ती खेळली आहे त्यांना परतावा नाही, अशी भूमिका कंपनीने आरंभी घेतली. म्हणजे जो वर्गणीदार सर्वांत उत्साही, ज्याने सर्वांत आधी व सर्वांत जास्त दिले, तोच परताव्यास सर्वांत अपात्र! नियमाच्या दृष्टीने हे समर्थनीय असेलही. औचित्याच्या दृष्टीने नव्हे. मौनाचा काळ जितका लांबतो तितका निर्मात्याचा लाभ आणि वर्गणीदाराची हानी वाढते, म्हणून मौन हे तटस्थ असू शकत नाही.

१६ डिसेंबर २०१४ रोजी खेळ बाहेर पडला आणि त्याची कीर्तीही झाली. एकट्याने खेळण्याची सोय त्यात होती, परंतु तीही जोडणीच्या आधारेच. ‘एकटा’ ह्या शब्दाचा अर्थ येथे सूक्ष्मपणे बदलला. इतर खेळाडूंवाचून तो एकटा, कंपनीवाचून नव्हे. पदाची आकांक्षा शब्दशः पुरी केली आणि अर्थतः रिकामी ठेवली, असे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण ‘टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा’ ह्या खेळाचे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ते अधिक जवळचे वाटेल, कारण हा खेळ बव्हंशी वाचण्याचा आहे. त्याची शब्दसंख्या दहा लाखांच्या पुढे जाते. १९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ ह्या खेळाचा हा मानसपुत्र. ब्रायन फार्गो ह्यांच्या इनएक्झाइल ह्या संस्थेने मार्च २०१३ मध्ये त्यासाठी नऊ लाख डॉलर मागितले. पहिल्या दिवसातच रक्कम दहा लाखांवर गेली आणि एप्रिलच्या प्रारंभी ७४,४०५ वर्गणीदारांचे ४१,८८,९२७ डॉलर जमले होते. खेळ डिसेंबर २०१४ पर्यंत देण्याचा अंदाज होता. तो २८ फेब्रुवारी २०१७ रोजी बाहेर पडला.

मागितल्याच्या साडेचारपट रक्कम जमली म्हणजे काय होते, हे येथे पाहावयास मिळते. लोकवर्गणीच्या मोहिमेत ‘वाढीव उद्दिष्टे’ म्हणून एक प्रथा आहे. रक्कम अमुक आकड्यावर गेली तर आणखी एक सोबती, तमुक आकड्यावर गेली तर आणखी एक नगर, अशी पायरी पायरीने वचने वाढत जातात. ही वचने मोहिमेच्या धामधुमीत दिली जातात. आकडा चढता ठेवणे हे त्यांचे प्रयोजन असते आणि खेळाच्या रचनेचा विचार त्यांत मागाहून येतो. नवसाची जी मानसिक घडण तीच ह्यांची. फरक एवढाच की, नवस बोलणारा आणि तो फेडणारा येथे निरनिराळ्या मनःस्थितीत, निरनिराळ्या वर्षी असतो. ‘एलिट’मधील वचन वर्गणीदारांच्या शंकेतून निपजले होते; ‘टॉर्मेंट’मधील बहुतेक वचने निर्मात्यांच्या हर्षातून निपजली. त्यामुळे त्यांत योग्यतेचा विचार कमी.

जानेवारी २०१७ मध्ये, प्रकाशन तोंडावर आले असता, यांतील काही अंगे वगळल्याचे स्पष्ट झाले. सोबती ठरल्यापेक्षा कमी. वस्तू घडविण्याची कला नाही. ‘ओएसिस’ ह्या जलमय नगराचे स्थान दुय्यम झालेले, आणि त्याच्या जागी ‘ब्लूम’ हे सजीव, मांसल, गिळंकृत करणारे नगर आलेले. निर्मात्यांचे म्हणणे असे की, थोडे सोबती परंतु सखोल, हे पुष्कळ परंतु उथळ सोबत्यांपेक्षा बरे. हे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. कादंबरीकाराला आराखड्यातील पात्र लेखनाच्या ओघात गळून पडल्याचे दुःख नसते, उलट पुष्कळदा तोच त्याच्या निर्मितीच्या सचोटीचा पुरावा असतो. ‘ब्लूम’ हा त्या खेळातील सर्वांत समर्थ भाग आहे, असे माझे मत आहे. आणि तो वचनपालनाच्या हट्टातून निर्माण झाला नसता. येथे वर्गणीदाराने वचनाचा आकडा मोजत बसणे ही करंटेपणाची गोष्ट होय. त्याने कलावंतावर पैसे लावले होते, आणि कलावंताला खोडण्याचा अधिकार असतो.

परंतु ह्याच यादीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती ह्या समर्थनात बसत नाही. खेळाचे इटालियन भाषांतर कबूल करण्यात आले होते. ते रद्द झाले. फ्रेंच, जर्मन, पोलिश, रशियन व स्पॅनिश भाषांतरे झाली. दहा लाखांवर शब्दांचे भाषांतर हे खर्चाचे काम, हे कोणीही मान्य करील. पण इटालियन गळाल्याने खेळ अधिक सखोल झाला, असे कोणी म्हणू शकणार नाही. हे खोडणे कलावंताचे नसून हिशेबनिसाचे होते. आणि त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. सोबती कमी झाल्याचे दुःख ७४,४०५ जणांत वाटले गेले. भाषांतराचे दुःख केवळ इटालियन वाचकांच्या वाट्याला आले, आणि त्यांच्यापुरते ते संपूर्ण होते. ज्याला इंग्रजी गद्य वाचवत नाही त्याच्या दृष्टीने अशा खेळाचे एक अंग गळाले नाही, खेळच गळाला.

प्रचलित चर्चेत वगळलेल्या सर्व गोष्टी एका रांगेत मांडल्या जातात आणि एकूण किती गेले ह्याची बेरीज होते, ही पद्धत मला म्हणूनच अपुरी वाटते. कोणते अंग गेले एवढेच विचारून भागत नाही. ते कोणासाठी गेले, आणि त्याच्या जाण्याने त्या माणसाजवळ काय उरले, हे विचारले पाहिजे. मराठी वाचकाला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडू नये. अशा खेळांच्या भाषांच्या यादीत आपली भाषा क्वचितच असते, आणि वचन नसल्यामुळे वचनभंगही नसतो. ह्यात समाधान मानावे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

‘ब्रोकन एज’चा प्रकार निराळा. फेब्रुवारी २०१२ मध्ये टिम शेफर ह्यांच्या डबल फाइन ह्या संस्थेने चार लाख डॉलर मागितले, आणि ८७,१४२ वर्गणीदारांकडून ३३,३६,३७१ डॉलर मिळविले. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात लोकवर्गणीची लाट आली ती ह्या मोहिमेनंतर. विशेष म्हणजे त्या आवाहनात खेळाचे वर्णन जवळजवळ नव्हतेच. ना कथा, ना पात्रे, नावदेखील नाही. जुन्या पद्धतीचा एक साहसखेळ करू, आणि तो कसा होतो किंवा फसतो ते चित्रफितीतून तुम्हांला दाखवू, एवढेच वचन होते. म्हणजे वचनाचा विषय वस्तू नव्हता, वस्तू घडण्याची क्रिया होती.

जुलै २०१३ मध्ये शेफर ह्यांनी वर्गणीदारांना कळविले की, जमलेल्या पैशांत मावणार नाही एवढा मोठा खेळ मी योजून बसलो आहे. आहे तसा पुरा करावयाचा तर पैसे पुरणार नाहीत. तोडावयाचा तर तीन-चतुर्थांश तोडावा लागेल. म्हणून पहिला अर्धा भाग जानेवारी २०१४ मध्ये विक्रीस आणू आणि त्याच्या उत्पन्नातून उरलेला भाग पुरा करू. पत्र केवळ वर्गणीदारांसाठी होते, ते लगोलग बाहेर फुटले, आणि मागितल्याच्या आठपट पैसे मिळूनही पुरले नाहीत, म्हणून जगभर हसे झाले. तथापि वर्गणीदारांतील पुष्कळांनी ते पत्र शांतपणे घेतले. ह्याचे श्रेय पत्राच्या गोड सुराला देणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. पत्र आले तेव्हा निवड अद्याप शिल्लक होती, हे खरे कारण. पैसा संपलेला नव्हता, अर्धा भाग अद्याप बाहेर पडावयाचा होता, आणि ह्या संकटाकडे नेणारी प्रत्येक चूक वर्गणीदारांनी चित्रफितीत आधीच पाहिलेली होती. पत्राने त्यांना बातमी दिली नाही. जे दिसत होते त्यास नाव दिले. पहिला भाग २८ जानेवारी २०१४ रोजी आणि दुसरा २८ एप्रिल २०१५ रोजी आला. दुसरा भाग पहिल्याइतका चांगला नाही. ती समीक्षेची गोष्ट झाली, वचनाची नव्हे.

वचन अक्षरशः पाळले म्हणजे सर्व काही साधते, असाही समज करून घेऊ नये. याट क्लब गेम्स ह्या संस्थेने २०१३ मध्ये ‘शॉव्हल नाइट’ साठी ३,११,५०२ डॉलर जमविले. वाढीव उद्दिष्टांत, तीन प्रतिनायकांना घेऊनही खेळता येईल, असे एक साधे वाक्य होते. मूळ खेळ जून २०१४ मध्ये आला. ते साधे वाक्य फेडण्यास संस्थेला पुढे डिसेंबर २०१९ पर्यंतचा काळ लागला, कारण प्रतिनायकांच्या त्या खेळी फुगत फुगत तीन स्वतंत्र खेळांएवढ्या झाल्या, आणि त्या वर्गणीदारांना निराळे मोल न घेता देण्यात आल्या. ह्या सचोटीपुढे मान लवते. पण एका उमद्या संस्थेची साडेपाच वर्षे एका मोहिमेच्या भरात लिहिलेल्या ओळीने बांधून ठेवली, हेही तितकेच खरे. ह्याच्या दुसऱ्या टोकाला ‘मायटी नं. ९’ आहे. केइजी इनाफुने ह्यांनी त्याच वर्षी ६७,२२६ वर्गणीदारांकडून ३८ लाखांहून अधिक डॉलर घेतले आणि वाढीव उद्दिष्टांत हातात धरून खेळण्याच्या दोन यंत्रांवरील आवृत्त्या कबूल केल्या. खेळ २०१६ मध्ये आला. त्या आवृत्त्या कधीच आल्या नाहीत. तेथे वचनलोपाचे ठळक असे पत्रही नाही. वचन विरत गेले. ‘एलिट’चे सदोष पत्र ह्या मौनापेक्षा श्रेष्ठ होय, निदान त्याच्याशी वाद तरी घालता येतो. २०१२ मध्ये वर्गणी घेऊन दशक उलटल्यावरही पूर्णावस्थेस न पोचलेल्या ‘स्टार सिटिझन’ला मी ह्या विवेचनातून हेतुतः वगळले आहे. चालू असलेल्या वाक्याचा अन्वय लावू नये.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०१७ च्या अखेरीस ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ ह्या खेळासाठी किकस्टार्टरवर आवाहन केले होते. उद्दिष्टाइतकी रक्कम जमली नाही, आणि तेथील नियमानुसार वर्गणीदारांकडून काहीच घेतले गेले नाही. खेळ पुढे अन्य मार्गाने सिद्ध होऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झाला व नावाजला गेला. आवाहनातील खेळ आणि प्रसिद्ध झालेला खेळ ह्यांत अंतर पडले असेल, तरी त्याबद्दल जाब विचारण्याचा अधिकार कोणालाच उरला नव्हता. निर्मात्याच्या दृष्टीने ही मोकळीक मोलाची. परंतु तिची किंमत त्यांनी तीन वर्षांच्या आर्थिक अनिश्चिततेत मोजली असणार, हेही उघड आहे.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना एका सोयीकडे लक्ष वेधावयाचे आहे. किकस्टार्टरवरील मोहीम संपली म्हणजे आवाहनाचा मजकूर गोठतो. निर्मात्यालाही तो बदलता येत नाही. प्रश्नोत्तरांतील प्रत्येक उत्तराखाली त्याची तारीख असते, आणि पुढील निवेदने अनुक्रमाने खाली लागत जातात. म्हणजे मूळ संहिता, तिच्यातील प्रक्षेप आणि तिच्यावरील भाष्य, ही तिन्ही आपणांस कालानुक्रमे लागलेली मिळतात. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेत जे अनुमानाने ठरवावे लागते, ते येथे तारखांसह हाती येते. ‘एलिट’च्या प्रश्नोत्तरांतील ते एक उत्तर मोहीम चालू असताना घातलेले आहे, मूळचे नाही, हे अशाच वाचनातून ध्यानात येते. आणि ते उत्तर घातले त्या क्षणापूर्वी पैसे देणारे व त्यानंतर देणारे, हे दोन निराळे वर्गणीदार आहेत. त्यांना एकाच वार्तापत्रातून एकच उत्तर देण्यात आले.